परीटघर कितवा

"तळाला? मावशीचा चित्रपट तळाला?" मुलीने हातातला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर फेकला. "आई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"टॉवेल दोरीवर टाक," रंगताई म्हणाली. ती जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत होती आणि मान वर करायला तयार नव्हती. "तळाला परीटघर, त्यावर माश्या, त्यावर बर्फ. माझं ठरलंय."

"माश्यांच्याही खाली? माश्या हा चित्रपट तर तुला स्वतःला बघवत नाही!"

"माश्यांत निदान प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि आपापल्याच कामाची शाबासकी घेतली."

"म्हणजे पोटात दुखतंय. सरळ सांग की."

"दुखतंय," रंगताई म्हणाली. "माझं पोट, मला दुखतंय. तुला काय त्याचं?"

नवरा दिव्याखाली बसून कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू आवळत होता. चष्म्याच्या दुकानात काम करून घरी आला तरी खिशात एखादा चष्मा असायचाच. तो पुटपुटला, "उद्या जाऊन निवांत लाव गं तुझी उतरंड. आज आम्हाला निवांत जेवू दे."

पण रंगताईला निवांतपणा नको होता. उद्या तिचा स्टुडिओतला शेवटचा दिवस होता. लग्नाआधी ती तिथे रंगखात्यात लागली, आणि केस पिकले तरी तिथेच होती. हातांनी चित्रं काढून चित्रपट करणारा तो स्टुडिओ. तिथे सगळे तिला रंगताई म्हणत, आणि ते नाव तिच्यामागून घरी येऊन राहिलं होतं. दुकानात पडद्याचं कापड बघताना ती निळा किंवा हिरवा म्हणत नसे, रंगाच्या बाटलीवरचा नंबर म्हणे, आणि दुकानदार नवऱ्याच्या तोंडाकडे बघे.

इतर ठिकाणी माणूस नोकरी सोडून निघाला की फुलं, घड्याळ आणि भाषण असतं. इथे उतरंड असते. काम संपलं की सगळे खालच्या छोट्या थिएटरात जमतात. जाणारा माणूस पडद्यापाशी उभा राहतो आणि स्टुडिओचे सगळे चित्रपट सांगतो, सगळ्यात कमी आवडलेल्यापासून सगळ्यात जास्त आवडलेल्यापर्यंत, मडक्यावर मडकं ठेवावं तसे. एकही गाळायचा नाही, दोन बरोबरीत ठेवायचे नाहीत. मधल्यांचं कारण नाही दिलं तरी चालतं, तळाच्या आणि वरच्या चित्रपटाचं द्यावंच लागतं. तळाचा चित्रपट ज्याने दिग्दर्शित केला तो त्या संध्याकाळचं 'तळाचं मडकं'. त्याने उठून सगळ्यांना चहा द्यायचा. वरचा चित्रपट लगेच पडद्यावर लावतात आणि दिवे मालवतात. जाणाऱ्यावर कुणी रागावायचं नसतं. रागावतात, पण चहा देऊन झाल्यावर.

आणि परीटघर रंगताईच्या धाकट्या बहिणीने दिग्दर्शित केला होता.

"बर्फ इतका खाली का?" सासूबाई कोचावरून म्हणाल्या. त्यांची स्वतःची उतरंड कधीच ठरलेली होती: ज्यात झोप लागली नाही तो चांगला. "बर्फात मी फक्त एकदा डुलकी काढली."

"आई, बर्फात नुसते पांढरे होते. निळसर पांढरा, राखी पांढरा, पिवळट पांढरा. तेव्हा ही माझ्या पोटात होती आणि रंगाच्या वासाने मला मळमळायचं. अजून तो चित्रपट लागला की तोंडाला पाणी सुटतं, आणि ते भुकेचं नव्हे."

"मग माझ्यावर का राग?" मुलगी म्हणाली.

"तुझ्यावर नाही. बर्फावर." रंगताईने पुढची शेंग फोडली. "माश्यांनी माझे डोळे खाल्ले. प्रत्येक माशीला पट्टे, आणि माश्या थव्याने. यांच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती त्याच साली."

"आठवतंय," नवरा म्हणाला. "लग्नानंतर बायकोने माझ्याकडे नीट बघितलं ते माझ्याच दुकानातला चष्मा घालून."

"आणि तेव्हाच कळलं काय गळ्यात पडलंय ते," रंगताई म्हणाली, तेव्हा तिचा आवाज जरा सैल झाला. "बर्फाच्या वर मांजरांचा. तो सगळा कॉम्प्युटरवर. रंग भरायचा म्हणजे बोटाने टिचकी मारायची. गुळगुळीत, पण वाईट म्हणवत नाही. त्याच्यावर उंटाचा, तो माझा पहिला. आणि सगळ्यात वर दीपगृहाचा."

"गाढवाचा!" सासूबाई खूश झाल्या. दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदारापेक्षा त्यांना त्याचं गाढव जवळचं होतं. "त्यात मी टक्क जागी होते."

"दीपगृह वर आणि परीटघर तळाला," मुलगी म्हणाली. "अख्खं थिएटर हसेल. दीपगृह सरळ सरळ शेवटी गडबडतो. गाढव पाण्यात जातं ते कशाला, कुणाला कळत नाही. परीटघर लोक पुन्हा पुन्हा बघतात. मी सहा वर्षांची असल्यापासून माझा पहिला नंबर परीटघर."

हेच तर रंगताईला सलत होतं. सहा वर्षांची असल्यापासून.

परीटघराची गोष्ट अशी. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात एक मुलगी काम करते. लोक कपडे टाकून जातात आणि काही जण न्यायला येतच नाहीत. ती मुलगी न नेलेल्या कपड्यांतला एकेक कोट रोज अंगावर चढवते, आणि त्या दिवसापुरती त्या कोटाची मालकीण होऊन गावात हिंडते. शेवटी फडताळाच्या तळाशी तिला तिच्या आईचा कोट सापडतो. रंगताईच्या मुलीने लहानपणी वर्षभर रंगताईचा कोट घालून सगळ्या घरात धूळ झाडली होती. कुणी विचारलं, मोठेपणी काय होणार, तर सांगायची, "मावशी." रंगताई बाजूला उभी असायची, कोट द्यायला आणि कोट धुवायला.

आणि त्या मावशीला स्टुडिओत आणलं कुणी? रंगताईनेच. माहेरी धाकटी खिडकीत बसून चित्रं काढायची, आणि तिच्या वाटणीची भांडीही थोरलीच घासायची. ती चित्रं रंगताईने आपल्या पिशवीतून स्टुडिओत नेली, मोठ्या साहेबांच्या टेबलावर पसरली आणि म्हणाली, माझी बहीण आहे, बघा तरी. साहेबांनी बघितलं. त्यानंतर धाकटी जिना चढत वरच्या मजल्यावर गेली आणि रंगताई खालच्या मजल्यावर राहिली. रंगखातं खालीच होतं, वाळत घातलेल्या चित्रांना धूळ लागू नये म्हणून खिडक्या बंद ठेवलेलं.

"बरं, कारण काय सांगणार?" मुलगी समोर येऊन बसली. "तळाच्याला कारण लागतं. बोल."

"रंग चांगले नाहीत."

"रंग तू भरलेस!"

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडपलं.

"तो वाफेतला चेहरा एकटा घेतला तरी पुरे," मुलगी म्हणाली. "इस्त्रीची वाफ उठते, ती मान वर करते, खिडकीत आईसारखं कुणीतरी दिसतं, आणि तिच्या चेहऱ्याच्या सगळ्या रेषा जातात. नुसते डोळे आणि रंग. अशी रेषा सोडून द्यायला छाती लागते, आई. लोकांनी लेख लिहिलेत मावशीवर. त्या एका चेहऱ्यासाठी तरी..."

"तो चेहरा माझा आहे," रंगताई म्हणाली.

एक वाटाणा टेबलावरून घरंगळत खाली गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे मी चुकले होते." इतकी वर्षं तिने याबाबतीत मिठाची गुळणी धरली होती. आता बोलायला लागली ती एखाद्या शेजारणीचं सांगावं तशी. "चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर असतं. पुढच्या बाजूला रेषा. पत्रा पालथा करायचा आणि मागून रंग भरायचा, म्हणजे पुढून बघताना रेषा स्वच्छ राहते आणि कुंचल्याचे फराटे दिसत नाहीत. नवी मुलगीसुद्धा पहिल्या दिवशी हे शिकते. त्या दिवशी मी पत्रे पालथे केलेच नाहीत. पुढूनच रंग भरला. एक नाही, त्या चेहऱ्याचे सगळे. सगळ्या रेषा रंगाखाली गेल्या. डोळे तेवढे वाचले, कारण डोळे मिटायचे-उघडायचे म्हणून वेगळ्या पत्र्यावर होते."

"तू? तू तर झोपेतही पालथं करशील," नवरा म्हणाला.

"त्या दिवशी धाकटी बाईसाहेब बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन रंगखात्यात आली होती. हे रंग, हे वाळवण, इथे आमच्या बायका बसतात, असं दाखवत. माझ्या टेबलावरून गेली. माझ्या पत्र्यावर बोट ठेवलं, पाहुण्यांना म्हणाली, बघा किती सफाई. आणि पुढे गेली. ही माझी ताई, एवढं म्हणायला काय झालं होतं? पुढचे पत्रे मी त्या रागातच घेतले. पालथं काय आणि सुलटं काय."

"मग मावशीला कळलं?"

"दुसऱ्या दिवशी मीच रडत वर गेले. तिने बघितलं. म्हणाली, पुन्हा करायला वेळ नाही ताई, जाऊ दे असंच, वाफ आहे म्हणून खपेल. आणि कुणाला बोलू नकोस, साहेब तुला घालवतील. मी बोलले नाही. मग चित्रपट लागला, आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले त्या चेहऱ्याला. कोण उभं राहिलं? ती. लेख कुणावर आले? तिच्यावर."

मुलगी हळूच म्हणाली, "पण आई, चुकीचं श्रेय कसं मागतात?"

रंगताईने हातातली शेंग न सोलताच टोपलीत टाकली. हाच प्रश्न तिला स्वतःला पडत आला होता, आणि म्हणून ती आजवर कुणाकडे गेली नव्हती. पण तो आपल्या मुलीच्या तोंडून, इतक्या मऊपणे आल्यावर तिला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. धाकटी उभी होती. तिने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"तळाला लावतेस म्हणे मला?"

सगळ्यांनी मुलीकडे बघितलं. मुलीने टेबलावरचा फोन पालथा ठेवला आणि तिला एकाएकी वाटाणे सोलण्याची फार घाई झाली.

"आत ये, दारात काय भांडतेस," सासूबाई म्हणाल्या. "आणि भांडलीस तरी जेवून जा. वाटाणे भरपूर आहेत."

धाकटी आत आली, पण बसली नाही. तिचे केस कापलेले, कपडे साधे. पण तो साधेपणा महागातला आहे असं रंगताईला नेहमी वाटे. "ठेव तळाला," ती म्हणाली. "चहा देईन. माझे काही हात झडणार नाहीत. पण कारण काय सांगणार आहेस?"

"अजून ठरलं नाही," रंगताई म्हणाली. ते खोटं होतं, आणि तिला ते गोड लागलं. धाकटी तिच्याकडून काहीतरी ऐकायला थांबली आहे असं माहेर सुटल्यापासून घडलं नव्हतं.

धाकटीने सगळ्यांचे चेहरे बघितले. "घरी सांगितलंस तू."

"आत्ताच."

"म्हणजे उद्या तिथेही सांगणार."

"घाबरलीस?"

"घाबरले नाही, ताई, वैतागले आहे!" धाकटीचा आवाज एकदम चढला. "कुठेही जाते, तोच चेहरा. मागच्या महिन्यात एका शाळेत बोलायला गेले. मुलांनी काय विचारलं? वाफेतला चेहरा कसा सुचला. मी म्हटलं, ती कोट कसा चढवते ते बघितलंत का? बाही दोनदा दुमडते, कारण कोट मोठ्या माणसाचा आहे. तिसऱ्या कोटापर्यंत तिची चाल बदलते. ती चाल काढता काढता माझी मान आखडली होती. कुणाला आठवेना. चेहरा, चेहरा आणि चेहरा! बाकीचा सबंध वेळ मी काय झोपले होते? अख्ख्या चित्रपटात लोकांना एक गोष्ट आवडते आणि तेवढी एकच माझी नाही. मला तो चेहरा बघवत नाही. तो आला की मी बाहेर जाते, पाणी प्यायला."

रंगताईला आतून गार वाटलं. इतकं गार की ते तोंडावर दिसू नये म्हणून तिने वाटाण्यांची टोपली उचलली आणि ओट्याशी नेऊन ठेवली. आपण जळतो हे तिला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरही कुणी जळत असेल, आणि तेही खालच्या मजल्यावरच्या एका चुकीवर, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"मग तेव्हाच पुन्हा करून घ्यायचंस," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "वेळ नव्हता म्हणून..."

"वेळ होता."

रंगताई वळली.

"भरपूर वेळ होता," धाकटी म्हणाली आणि पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली. "सगळे पत्रे पुन्हा रंगवून झाले असते. पण मी ते एकटीने थिएटरात लावून बघितले. बघितल्यावर कळलं, की मी डोकं आपटून घेतलं असतं तरी मला हे सुचलं नसतं. म्हणून ठेवलं. ते कुणाला कळतं? साहेब तर म्हणत होते, काढून टाका, चूक दिसते. मी भांडले त्यांच्याशी. चुकलीस तू, पण ठेवलं मी."

"मग मला सांगायचंस ना. निदान मला."

"कसं सांगणार? पहिला चित्रपट होता माझा. आणि तू..."

"मी काय?"

धाकटी रंगताईच्या नवऱ्याच्या हातातल्या चष्म्याकडे बघत राहिली. "तू रंग भरणारी होतीस, ताई. मला वाटलं, तुला काय फरक पडतो."

"हे मात्र लागेल असं बोललीस," सासूबाई कोचावरून म्हणाल्या.

नवऱ्याने स्क्रू आवळायचं थांबवलं. मुलगी मावशीकडे अशी बघत होती, जशी आजवर तिने फक्त आईकडे बघितलं होतं: काहीतरी आवडेनासं झाल्यासारखी. रंगताईला ते दिसलं, आणि त्याचा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

तिला बोलायचं होतं. फरक पडला, असं ओरडून सांगायचं होतं. पण जिभेवर वेगळंच काही येऊन बसलं होतं, आणि ते तिला नको होतं. परीटघर पहिल्यांदा लागला तेव्हा ती शेवटच्या रांगेत होती. पाहुण्यांचा तो दिवस तिच्या डोक्यात तसाच तापलेला होता. एकही गोष्ट चांगली म्हणायची नाही असं ठरवूनच ती बसली होती. पण त्या मुलीने पहिला कोट अंगात घातला, बाही दुमडली, पुन्हा दुमडली, आणि रंगताई सगळं विसरली. वाफेतला चेहरा तर पुढे कितीतरी वेळाने आला. तोवर तिचा राग मांडीवरच्या पर्ससारखा कुठेतरी घसरून पडला होता, आणि दिवे लागल्यावर तो तिला शोधावा लागला. शोधून उचलला, आणि त्यानंतर कधी खाली ठेवला नाही. चित्रपट वाईट असता तर गोष्ट केव्हाच मिटली असती. तो दीपगृहासारखा शेवटी गडबडला असता तर ती धाकटीला जवळ घेऊन म्हणाली असती, जाऊ दे गं, पुढचा चांगला होईल. तो गडबडला नाही. एवढंच धाकटीने तिचं वाईट केलं होतं.

"बोल काहीतरी," धाकटी म्हणाली. "शिव्या तरी दे."

"ताटं घे," रंगताई मुलीला म्हणाली आणि तिने वाटाणे गॅसवर चढवले.

मुलीने ताटं घेतली. धाकटी सवयीने बसूनच राहिली, मग उठली, फडताळ उघडलं, आणि पेले कुठे असतात ते तिला सापडेना. कुणी सांगितलं नाही. दोन दारं उघडून झाल्यावर तिला ते सापडले आणि तिने ते मांडले, एक कमी. मोजून पुन्हा आणायला गेली.

"दाजी, चष्मा उचला टेबलावरून," ती म्हणाली, आणि कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

"अगं, तो गिऱ्हाइकाचा आहे, सांभाळून."

सासूबाई येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. वाटाण्यांना वाफ यायला वेळ होता. रंगताईने गॅस बारीक केला, हात पुसले आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिली.

"सगळ्यांनी ऐका, मी एकदाच सांगणार आहे," ती म्हणाली. "तळाला माश्या. त्यावर बर्फ, मांजरं, उंट, मग दीपगृह. परीटघर सगळ्यात वर. कारण विचारलं की मी सांगणार, चित्रपट चांगला आहे, पहिल्या कोटापासून चांगला आहे. वाफेतला चेहरा मी रागात, चुकीच्या बाजूने रंगवला, आणि तो ठेवला हिने. दोन्ही सांगणार. दिवे मालवले की ही माझ्या शेजारी बसेल. पाणी प्यायला बाहेर जायचं नाही. मी हिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही."